बारतोंडीचा रस आणि फासेंगाचा पाय

आधी नाक धरा, मग ऐका. मी नोनू बोलतोय. तुमच्याकडे मला बारतोंडी म्हणतात, कारण माझ्या फळाला अंगभर डोळे असतात आणि एकेका डोळ्यातून छोटं पांढरं फूल तोंड बाहेर काढतं. एवढी तोंडं असून मी आजवर गप्प राहिलो. आता बोलतो, कारण माझ्या नावावर आमच्या गावातले वडीलधारे वाटेल ते बोलून बसलेत आणि ते निस्तरायला त्यांच्यातला एकही उठत नाही.

माझा जन्म दूर दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावर, वाइलोतो गावात. जमीन म्हणाल तर काळा खडक. डोंगराने कधीकाळी ओकलेला लाव्हा थंड होऊन बसलाय, त्याच्या भेगेत मी रुजलो. बी लाटांवर तरंगत आलं की कुणा पाखराच्या ढुंगणातून पडलं, मला माहीत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचाराल तर प्रत्येकाकडे माझ्या जन्माची वेगळी कथा आहे आणि प्रत्येक कथेत मला लावणारा त्याचाच पणजोबा आहे. मी जेमतेम पंधरा-वीस वर्षांचा. पणजोबा मेल्यावर लावायला आले असतील तर कोण जाणे.

मी उभा होतो ती जागा मोक्याची. एका अंगाला डुकरांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला गावाचं बैठकीचं घर. आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात. खांब असतात, वर छप्पर, बस्स. परक्यांना वाटतं, अशा घरात लपवणार काय? त्यांना ठाऊक नाही. इथल्या लोकांनी लपवायची सगळी विद्या जिभेवर ठेवलीय. मी मात्र खांबांच्या मधून सगळं बघितलं आणि सगळं ऐकलं.

माझं बालपण मुतारीत गेलं. लाज कशाची, खरं ते सांगतो. बैठकीत भाषणं लांबली की पुढारी माणसं एकेक करून उठायची आणि माझ्या आडोशाला यायची. मी भराभर वाढलो त्याचं श्रेय पणजोबांना नाही, त्या भाषणांना आहे.

फळं बारा महिने लागायची. आधी हिरवी, खरबरीत, मग पिवळी, मग मेणासारखी पांढरी होऊन पट्‌कन खाली. पिकल्यावर वास कसा, तर आठवडाभर पेटीत राहिलेल्या ओल्या मोज्यांचा. डुकरं खायची, पण नारळ, पपई, उष्टं, सगळं संपल्यावर. आईबाप पोरांना धमकावायचे, "गप जेव, नाहीतर नोनू खायला घालीन."

तरी माझा काही उपयोग नव्हता असं नाही. फुगवून सांगणार नाही, झाकूनही ठेवणार नाही. अंगावर गळू उठलं की माझं रुंद पान निखाऱ्यावर शेकून त्यावर बांधायचे; ते पिकायचं, फुटायचं, ठणका उतरायचा. तोंड आलं, हिरडी सुजली, की कोवळं फळ ठेचून चोळायचे. माझ्या मुळाच्या सालीतून पिवळा रंग निघतो. आणि एका साली चक्रीवादळाने नीरफणस झोपले, केळी झोपल्या, तेव्हा याच गावाने नाक धरून मला खाल्लं. नीरफणसाला पुन्हा फळ आलं त्या दिवशी ओळख विसरले. मी रागावलो नाही. अडीनडीला कामी यायचं आणि एरवी डुकरांच्या शेजारी उभं राहायचं, हे मला पटलं होतं. पटलेलं माणसांनाच बघवत नाही.

एके दिवशी राजधानीतून, आपियाहून, रोपाती नावाचा माणूस पिकअप घेऊन आला. गुळगुळीत दाढी, डोळ्यांवर काळा चष्मा. परदेशात माझ्या रसाच्या बाटल्या विकणाऱ्या लोकांचा तो इथला खरेदीदार. पिकलेली फळं पोत्याने घेणार म्हणाला. गाव हसलं. मग त्याने पैसे काढले आणि गाव हसायचं थांबलं.

सगळ्यांत आधी थांबला ताउलेआ. हा आमच्या गावचा बोलणारा मताई. मताई म्हणजे घराण्याचा प्रमुख, आणि बोलणारा म्हणजे बैठकीत उभं राहून हातात काठी, खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी घेऊन घराण्याच्या वतीने भाषण ठोकणारा. ताउलेआ बोलायला लागला की पाऊस येऊन जायचा, तो बोलतच असायचा. रोपातीने त्याला एक चकचकीत कागद दिला, त्यावर मी बरे करतो ते रोग छापलेले. ताउलेआने बैठकीत ते वाचले. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी. कागदावरचे रोग संपले, पण भाषण रंगात आलं होतं, म्हणून त्याने पदरचे घातले. वांझपण. टक्कल. घोरणं. सुनेचा उद्धटपणा. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो आणि माझी मलाच भीती वाटायला लागली.

"आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं," ताउलेआ म्हणाला.

पूर्वजांना एवढंच ठाऊक होतं की नोनूच्या आडोशाला वारा उलटा लागत नाही.

पण माना हलल्या. वडीलधाऱ्यांची एक खोड मी पक्की ओळखून आहे. खोटं बोलायचं असलं की ते पूर्वजांच्या तोंडून बोलतात. पूर्वज उठून नाही म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून मी देव झालो. डुकरांचं कुंपण मागे सरकलं. बुंध्याला पांढरा चुना आला. निळ्या पिंपांत माझी फळं भरून उन्हात ठेवली, ती आठवडेच्या आठवडे आपलीच घाण आपण पीत राहिली आणि खाली काळसर पाणी सुटलं, तो रस. घरोघर सकाळी पेलाभर. पोरं ओकायची, मग त्यांना धपाटे आणि दुसरा पेला. पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं, देवाने प्रत्येक रोगासाठी एक झाड निर्मिलं आहे म्हणाले, आणि व्यासपीठावर माझी बाटली ठेवली. रविवारमागून रविवार गेले, बाटलीतली पातळी तसूभर हलली नाही. पाळकसाहेब घरी फ्रीजमधला कोक पितात, हे ज्यांनी त्यांच्या अंगणात झाडू मारला त्या सगळ्या पोरांना माहीत आहे.

किंमत आली की चोर येतात. माझी फळं रातोरात कमी व्हायला लागली. ताउलेआने जुना उपाय काढला. तपुई लावली. तपुई म्हणजे मालकाने झाडावर बसवलेला शाप. खूण बघून चोराने ओळखायचं की हात लावला तर काय होईल. कुणाच्या तपुईने शार्क खातो, कुणाच्या तपुईने वीज पडते. ताउलेआने व्रणांची निवडली. माझ्या मुळाशी शिंपल्याचे तुकडे पुरले, वर बोरूच्या काड्या उभ्या करून त्यांची टोकं माणसाच्या डोक्यासारखी एकत्र बांधली. जो नोनूला हात लावील त्याचं अंग व्रणांनी सडेल.

आता यातली गंमत बघा. अंगावर काही उठलं की औषध कोणाचं, तर माझ्या पानाचं. आणि पान तोडलं की शिक्षा काय, तर अंगावर उठणार. हे गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाळकसाहेब असल्या शापांना सैतानाचं काम म्हणायचे. तपुई बांधली गेली त्या दुपारी ते तिथून गेले, पण त्यांना नेमकं समुद्रात काहीतरी दिसलं आणि ते तिकडेच बघत गेले.

तपुई बसल्यावर गावाची कातडी गुन्हेगार झाली. डास चावला तरी माणूस शर्टाच्या बाह्या खाली ओढायचा. एकाच्या कपाळावर पुटकुळी आली, तो आठवडाभर प्रार्थनेलाही टोपी घालून बसला. बायका नदीवर एकमेकींच्या पाठी न्याहाळायच्या. चोर मात्र पूर्वीसारखेच येत होते, फक्त हातमोजे घालून.

आता फासेंगाचं सांगतो. त्यासाठीच एवढं तोंड उघडलंय.

फासेंगा ताउलेआची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन माहेरच्या जमिनीवर राहायला आली. आमच्याकडे बहीण म्हणजे भावाने पाळायचा करार. तिच्यापुढे आवाज चढवायचा नाही, ताटातला चांगला तुकडा आधी तिला, आणि बहिणीचा तळतळाट लागला तर वंश बुडतो, असं तान्ह्या पोरालाही माहीत. ताउलेआ हे सगळं पाळायचा. भट्टीतून भाजलेलं डुक्कर निघालं की बहिणीचा वाटा तो स्वतः नेऊन द्यायचा. फक्त तिच्या पायाकडे बघायचं, हे त्या करारात कुठे आलं नव्हतं.

तिला साखर होती. हॉस्पिटलच्या गोळ्या चालू होत्या. ताउलेआ म्हणाला, "रस आणि गोळ्या पोटात भांडतात. एक काय ते घे." भावाचा शब्द म्हणून तिने गोळ्या सोडल्या. रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत, भरलेला पेला एका दमात प्यायची आणि ओठ पुसून म्हणायची, "छान आहे." त्या बाईइतकं सुंदर खोटं बोलणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही. म्हातारे खोटं बोलतात ते स्वतःसाठी. ती बोलायची ते भावाची मान ताठ राहावी म्हणून.

मग तिच्या पायाला पोवळ्याचा दगड लागला. साखरेने पायाची संवेदना गेलेली, तिला कळलंही नाही. करंगळीच्या बाजूला बारीक चीर होती, ती चिघळली. आणि इथे आमच्या लोकांची रीत आडवी आली. चारचौघांत पाय दुमडून बसायचं. पसरावेच लागले तर वर चटई ओढायची. कुणाच्या तोंडासमोर तळवा केला तर त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. एवढी सभ्य माणसं आम्ही. फासेंगा तर सगळ्यांहून सभ्य. तिने पायावर चटई ओढली आणि त्या चटईखाली पाय कुजत गेला. भिंती नसलेल्या घरात, अख्ख्या गावादेखत.

पहाटे ती लंगडत माझ्याकडे आली. लहानपणी तिच्या आईने गळवावर नोनूचं पान बांधलेलं तिला आठवत होतं. गळू वेगळं आणि हे वेगळं, तिला समजलं नाही. तिने काड्यांच्या बाहुल्याकडे बघितलं, हलकेच म्हणाली, "माफ कर, दादा," आणि दोन पानं तोडली. मला ओरडावंसं वाटलं, की बाई, हे माझ्या हातचं नाही, हॉस्पिटलात जायला गाडी बघ. पण मी झाड. माझी बारा तोंडं त्या दिवशी कुठे गेली होती, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

पाळकांच्या बायकोने तिला जाताना पाहिलं, हातात पानं, पाय ओढत. दुपारपर्यंत बातमी गावभर. तपुई लागली. पायावर व्रण. चोर बाई आहे. नाव तेवढं हळूहळू फुटत गेलं, कारण नाव घेतल्यावर बातमीची मजा संपणार होती.

ताउलेआ आधी फुलला. बैठकीत म्हणाला, "बघा. आमच्या घराण्याची तपुई अजून जिवंत आहे." मग एक म्हातारा त्याच्या कानाशी लागला. ताउलेआचा चेहरा पिकलेल्या नोनूसारखा पांढरा झाला.

बिचारा चांगलाच अडकला. तपुई खरी म्हणावी, तर स्वतःची बहीण चोर, आणि करारातल्या बहिणीवर भावाचाच शाप. तपुई खोटी म्हणावी, तर उद्या गाव झाड उपटून नेईल. रस खरा म्हणावा, तर रोज पेला पिणारीचा पाय सडला कसा? हुशार माणूस अशा वेळी काय करतो? चौथं खोटं शोधतो.

"फासेंगाचा पाय मुरगळलाय," त्याने जाहीर केलं. आणि सकाळच्या पेल्याला संध्याकाळचा पेला जोडला.

दुसऱ्या दिवशी त्याची भाची त्याला माझ्याखाली गाठून उभी राहिली. मोएलांगी. फासेंगाची एकुलती एक. आईची तब्येत ढासळली तशी तिने आपियातलं शिक्षण टाकलं आणि घरी आली, तेव्हापासून गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने तिला फुकट गेलेली पोरगी म्हणायचा मान मिळवला होता.

"मामा, आईला हॉस्पिटलात न्यायचंय."

"रस चालू आहे ना?"

"रसानेच सांगितलं, न्या म्हणून."

"तोंड सांभाळ. पुढच्या आठवड्यात परदेशातून पाहुणे यायचेत रोपातीबरोबर. झाड बघणार, आपल्या माणसांशी बोलणार. माझी सख्खी बहीण हॉस्पिटलात आहे कळलं तर कोण रस घेईल?"

"मग आईने काय करायचं पुढच्या आठवड्यापर्यंत?"

"चटई पायावर ठेव म्हणावं. आणि हस म्हणावं जरा."

"पाय काळा पडलाय, मामा. तू बघितलास?"

"मी भाऊ आहे. बहिणीचे पाय बघू का मी?"

"मग तोंड बघ. रोज तुझ्यासाठी ते घाण पाणी पिते, ते तोंड बघ एकदा."

ताउलेआ म्हणाला, "शिकली असतीस तर मोठ्यांशी बोलायची अक्कल आली असती."

"तू शिकलायस ना, मग झाडाला विचार. हे काय म्हणतं बघ."

ती निघून गेली. मी काय म्हणत होतो ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, पोरगी बरोबर आहे आणि तू गाढव आहेस.

शनिवारी सकाळी गाव रविवारच्या जेवणासाठी भट्टीचे दगड तापवण्यात गुंतलेलं असताना मोएलांगी कोयता घेऊन आली. तिने काड्यांचा बाहुला लाथेने उडवला. मग माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"तुझा काही दोष नाही," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं माणूस. बाकी सगळे माझ्याबद्दल बोलले होते. मी म्हणालो, घाव घाल, बये. तिला ऐकू गेलं नसेल, पण घाव मात्र मनापासून घातला. दुखलं. खोटं कशाला सांगू, फार दुखलं. नोनूचं लाकूड काही सागासारखं नाही, तरी मी घाईने पडलो नाही. पडलो तेव्हा आडवा पडलो थेट बैठकीच्या घराच्या पायरीशी, आणि माझी पिकली फळं खांबांच्या मधून आत घरंगळत गेली.

बैठक दुपारी बसली. मताई एकेका खांबाला टेकून, मांडी घालून. मागे बायकापोरं. मोएलांगीला पुढे बसवलं, तिच्यामागे फासेंगा, गुडघ्यावर चटई. ताउलेआ काठी टेकून उभा राहिला आणि आपल्या पणजोबापासून सुरू झाला. वारा, वंश, होड्या, सगळं झालं. मग दंड सुचवला: एवढी डुकरं, एवढे डब्यातल्या माशांचे खोके, आणि पोरीने सगळ्यांची माफी मागायची.

सगळ्यांत म्हातारा मताई म्हणाला, "बोल पोरी. का तोडलंस?"

मोएलांगी म्हणाली, "आजोबा, दोन पानं तोडली तर पाय सडतो ना? मी अख्खं झाड तोडलंय. माझं काय सडणार ते बघायला बसू या सगळे. मला घाई नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"खाली बघून बोल," म्हातारा म्हणाला. "शाळा सोडलेली तू."

"मी आईसाठी सोडली. तुम्ही कशासाठी सोडली होती, आजोबा?"

आता मागच्या बायका उघड हसल्या. ताउलेआने काठी आपटली. तो म्हणाला, या पोरीने घराण्याचं नाक कापलं, माझ्या बहिणीला तिनेच भडकवलं, माझ्या बहिणीला विचारा, ती रोज रस पिते, ती सांगेल रस कसा आहे.

त्याला वाटलं होतं, ती म्हणणार, छान आहे.

फासेंगाने चटई बाजूला केली. पाय लांब केला. सरळ, तळवा भावाच्या तोंडासमोर.

त्या घरात एवढा मोठा अपमान आजवर कुणी कुणाचा केला नसेल. एका मताईने तर मान वळवली, सवयीने. मग वास आला. पायरीशी माझी फळं चेंगरून पसरली होती, तरी लोकांनी नाक धरलं ते माझ्यामुळे नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापेक्षा घाण वास मी घेतला आणि मला त्याचं सुख वाटलं नाही.

"दादा," फासेंगा म्हणाली. आवाज रोजचाच, मऊ. "तुझी तपुई खरी असेल तर मी चोर. सांग यांना. तुझा रस खरा असेल तर हा पाय बरा आहे. तेही सांग. तू सांगशील ते मी कबूल करीन. पण पायाकडे बघून सांग."

ताउलेआने पायाकडे बघितलं. बघत राहिला. त्याने चवरी खाली ठेवली, गुडघ्यांवर सरकत बहिणीपाशी आला आणि शेवटी म्हणाला, "आधी मी तपुई उतरवतो. शिंपले काढतो. मंत्र म्हणतो."

"मामा," मोएलांगी म्हणाली, "आधी गाडी."

गाडी होती रोपातीची. पोती न्यायला आला होता, पिकअप अर्धी भरलेली. तो कुरकुरला, माल उन्हात खराब होईल म्हणाला. मोएलांगी वर चढली आणि तिने एकेक पोतं खाली फेकायला सुरुवात केली. ताउलेआने काठी टाकली आणि तिच्याबरोबर फेकायला लागला. तेवढ्यापुरता तो माणूस मला आवडला. नंतर त्याने बहिणीला उचलून पाठीमागे ठेवलं, उरलेल्या पोत्यांची उशी केली, आणि पिकअप धूळ उडवत गेली. माझीच फळं फासेंगाच्या डोक्याखाली होती. तेवढ्या कामाला मी कुठल्याही रोगात उपयोगी आहे.

पाय वाचला, असं म्हणतात. बोटं गेली, पुढचं थोडं पाऊल गेलं. आणखी उशीर झाला असता तर गुडघ्यापासून कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाल्याचं मोएलांगीने शेजारणीला सांगितलं, ते मी ऐकलं. फासेंगा कुबडी घेऊन परत आली. आता तिला इन्सुलिनची सुई लागते. औषध पाळकसाहेबांच्या फ्रीजमध्ये असतं, कोकच्या बाटल्यांना खेटून. मोएलांगी सकाळ-संध्याकाळ न विचारता आत शिरते, फ्रीज उघडते, आणि पाळकसाहेब तिला रोज आशीर्वाद देतात, कारण दुसरं काही द्यायची त्यांची हिंमत होत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण म्हातारे सुधारले तर म्हातारे कसले?

माझ्या खोडाला धुमारे फुटले. नोनू असा मरत नसतो, खडकात जन्मलेला आहे. ताउलेआने ते पाहिलं आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेत उभा राहिला. म्हणाला, देवाने माझ्या बहिणीला उठवलं आणि तिच्याबरोबर नोनूही उठवला. मी रडलो, म्हणाला. तो खरंच रडला होता, मी पाहिलं होतं. तेच वाईट. खऱ्या रडण्यावर खोटं उभं केलं की ते पक्कं बसतं. आता माझ्याभोवती तारेचं कुंपण आहे. माझ्या धुमाऱ्यांचं पाणी अधिक गुणकारी, अशी बोलवा आहे.

लांबलेले पाहुणे परवा आले. एक परदेशी बाई, गळ्यात कॅमेरा, बरोबर रोपाती. फासेंगाला माझ्या कुंपणाशी खुर्चीवर बसवलं, गळ्यात फुलांची माळ घातली. बाईने काहीतरी विचारलं. रोपाती आमच्या भाषेत म्हणाला, "मावशी, नोनूबद्दल सांगा. मनापासून."

फासेंगाने मनापासून सांगितलं. मोजकं. ऐकून रोपातीने घसा खाकरला आणि इंग्रजीत सुरू झाला. फासेंगाच्या बोलण्याच्या पाचपट लांब. हात आकाशाकडे, हात छातीवर. बाईचे डोळे भरून आले.

मोएलांगी कुंपणाला टेकून उभी होती. आपियात शिकली तेवढं इंग्रजी तिला पुरे होतं. ती बाईला म्हणाली, "माझी आई असं काहीच बोललेली नाही. ती म्हणाली, डॉक्टरकडे जा."

बाई गोड हसली. "हो तर. ते आम्ही बाटलीवर लिहितोच, मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. कायदाच आहे तसा."

फासेंगाला इंग्रजी येत नाही, पण हसणं येतं कळायला. तिने कुबडी बाजूला ठेवली आणि उरलेला पाय लांब केला, कॅमेऱ्यासमोर. ताउलेआ तिथेच होता. या वेळी चटई आणायला कुणाला पाठवलं नाही त्याने. बाईने कॅमेरा थोडा वर उचलला. तिचा चेहरा घेतला, फुलांची माळ घेतली, मागे माझे हिरवे धुमारे घेतले.

आता तो चेहरा बाटल्यांवर जाणार आहे. तुमच्या दुकानातही येईल कदाचित, बारतोंडीचा रस म्हणून, आणि तुमच्या घरातलं कुणीतरी मोठं माणूस तो घेऊन येईल, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं म्हणत. त्या वेळी बाटली उलटी करून बारीक अक्षरं शोधत बसू नका. फासेंगा काय बोलली होती ते मी ऐकलंय, तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. ती म्हणाली:

"गळू असेल तर पान शेकून बांधा, उतरेल. साखर असेल तर डॉक्टरकडे जा. आणि तुमचा पाय दुखत असेल तर कुणाला तरी दाखवा, अपमान झाला तरी चालेल."